ताटावरून उठून जाणारी लेक

(आपल्या रेडिओवरील भाषण, वाचनासाठी थोडे नीट करून)

हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. भाकरी थापत असाल तर उत्तमच, कारण आजचं बोलणं जेवणाबद्दलच आहे. पाककृती मात्र सांगणार नाही. घरात सगळं असून, समोर ताट असूनही ज्या माणसाला जेवता येत नाही, किंवा खायला लागलं की थांबता येत नाही, अशा माणसाबद्दल बोलायचं आहे.

समजा, आपल्या बचत गटातल्या एकीची मुलगी आहे. बारावीला आहे, रोज एसटीने राहात्याला कॉलेजला जाते. सकाळी आई डबा भरून देते, संध्याकाळी डबा रिकामा येतो. रात्री ती म्हणते, "मैत्रिणीकडे खाऊन आले." आधी तिने चतुर्थी धरली. मग गुरुवार धरला, मग सोमवार, मग शनिवार. आजी खूश, पोरगी देवाधर्माची निघाली म्हणून. तीन-चार महिन्यांत कुर्ते खांद्यावरून उतरायला लागले, तेव्हा शेजारीण म्हणाली, "किती छान बारीक झालीस गं, आता स्थळं बघायला हरकत नाही." घरात स्वयंपाकाची हौस तिलाच जास्त. सगळ्यांना आग्रह करकरून वाढते, पण स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. मग दोन महिने पाळी आली नाही. आईच्या पोटात गोळा आला, तिला भलतीच शंका आली. त्यावरून घरात रडारड झाली, पोरीचा मोबाईल काढून घेतला. आणि एक दिवस एसटी स्टँडवर ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं, अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक दिलं, घरी आणलं. पंधरा दिवसांनी गोठ्यामागे कुत्रं रोज डब्यातली भाजी-भाकरी खाताना आईला दिसलं.

ही मुलगी मी बोलण्यासाठी उभी केली आहे. तिला गाव नाही, नाव नाही. पण यातली एकेक गोष्ट कुठल्या ना कुठल्या घरात घडते. आजीला ते व्रत वाटलं, शेजारणीला ते रूप वाटलं, आईला ते बाहेरचं लफडं वाटलं, दवाखान्यात तो अशक्तपणा वाटला. आजार आहे हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ते ध्यानात यावं म्हणून आजचं हे बोलणं.

हा आजार म्हणजे काय

याला आहाराचे विकार किंवा खाण्याचे विकार म्हणतात. लक्षणं पोटाची दिसली तरी मूळ मनात असतं, आणि बिघाड होतो सगळ्या शरीराचा. तो नखरा नाही, हट्ट नाही, बाहेरची बाधाही नाही. टायफॉईड झालेल्याला आपण "कशाला आणलास ताप?" असं विचारत नाही, तसंच इथेही विचारायचं नाही.

याची मुख्य रूपं चार-पाच आहेत.

पहिलं रूप उपाशी राहण्याचं. डॉक्टर त्याला अॅनोरेक्झिया म्हणतात. हे नाव विल्यम गल नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १८७३ च्या सुमारास दिलं, म्हणजे मोबाईल, सिनेमा यांच्या कितीतरी आधीपासून हा आजार आहे. यात माणूस खाणं कमी-कमी करत जातं. हाडं दिसायला लागली तरी आपण जाड आहोत असंच त्याला वाटतं. आरशात त्याला खरंच तसं दिसतं, तो खोटं बोलत नसतो.

दुसरं रूप बुलिमियाचं. यात एकदम खूप खाल्लं जातं, स्वतःवर ताबा राहत नाही, आणि मग अपराधी वाटून ते शरीराबाहेर काढण्याची धडपड होते. उलटी, जुलाबाच्या गोळ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास. अशा बाईचं वजन बहुतेक वेळा बेताचंच असतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. इंग्लंडची राजघराण्यातली सून डायना हिला हा त्रास होता. १९९५ मध्ये तिने टीव्हीवरच्या मुलाखतीत तो उघड सांगितला. नोकरचाकर, डॉक्टर सगळं दिमतीला असूनही जे लपून राहिलं, ते आपल्या घरात लपलं तर नवल नाही.

तिसरं रूप नुसतं भरमसाट खाण्याचं. भूक नसताना, एकटीने, घाईघाईने, पोट दुखेपर्यंत खायचं आणि मग स्वतःची किळस करत बसायचं. यात उलटी वगैरे काही नसतं. अशा बाईला आपण "खादाड" म्हणून मोकळ्या होतो. तिच्या मनावर काय ओझं आहे ते विचारत नाही.

चौथं रूप आपल्याकडे फार जुनं आहे. ते म्हणजे माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख, असं न खाण्याजोगं खाणं. गरोदरपणात तर "डोहाळे आहेत" म्हणून हसून सोडून देतो. कच्चे तांदूळ मुठीमुठीने चघळण्याची ओढही याच जातीची. यामागे बऱ्याचदा अंगातलं लोह कमी झालेलं असतं. मातीतून जंत पोटात जातात ते वेगळंच. असं खाणारी बाई दिसली तर हसू नका, तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्यांनी कित्येकींची ही ओढ आपोआप जाते.

आणखी एक प्रकार लहान मुलांत जास्त दिसतो. त्यात बारीक व्हायची इच्छा नसते. पण खाण्याचा वास, चव, पोत सहन होत नाही, किंवा एकदा घास अडकल्याची भीती बसलेली असते. मूल दोन-तीनच पदार्थांवर जगतं आणि त्याची वाढ खुंटते. प्रत्येक हट्टी मुलाला हा आजार नसतो. पण वजन वाढत नसेल तर दाखवायला हवं.

हा आजार फक्त पोरींचा आहे असंही समजू नका. भरतीची तयारी करणारे, जिममध्ये जाणारे, अंगावर गोटे आणायच्या नादात जेवण तोडणारे मुलगेही यात सापडतात. ते तर बोलतही नाहीत.

उपासमार डोकं बदलते

आता एक जुना प्रयोग सांगते, तो कळला की पुष्कळ गोष्टी उलगडतील.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लोक उपासमारीने खंगले होते, त्यांना पुन्हा माणसात कसं आणायचं हे डॉक्टरांना शिकायचं होतं. म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुण घेतले. सगळे स्वखुशीने आलेले, मनाने शरीराने ठणठणीत. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं.

पण खरं बघण्यासारखं होतं ते त्यांचं वागणं. हे पुरुष दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतीची पुस्तकं वाचायला लागले, जमवायला लागले. जेवण खूप वेळ लांबवत बसू लागले. चिडचिड, उदासपणा, थंडी वाजणं, माणसं नकोशी होणं, सगळं सुरू झालं. आणि पुन्हा पोटभर द्यायला लागल्यावर काही जणांना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना.

यांच्यापैकी कोणाला आधी खाण्याचा आजार नव्हता. नुसत्या उपासमारीने त्यांचं डोकं असं झालं. आता आपली ती मुलगी आठवा. स्वयंपाकाची हौस, सगळ्यांना वाढणं, चिडणं, खोलीत एकटं बसणं. यातलं पुष्कळसं तिचा स्वभाव नाही, ते उपाशी मेंदूचं काम आहे. म्हणून "आधी तिच्या मनातलं काढू, मग जेवेल" असा क्रम चालत नाही. आधी अन्न पोटात जायला लागावं लागतं, तेव्हा कुठे मन बोलायला तयार होतं.

आपल्याकडे हे कशामुळे

कारण एक नसतं. काही घराण्यांत हा आजार जास्त दिसतो, म्हणजे रक्तातूनही थोडं येतं. स्वभावाने फार नेटकी, सगळं चोख हवं असणारी मुलगी असेल तर तिला धोका जास्त. कधी मागे काही वाईट घडलेलं असतं, छळ, अत्याचार, घरातलं मरण. कधी दहावी-बारावीचा, लग्नाचा ताण असतो. आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं, तेव्हा निदान माझं खाणं तरी माझ्या हातात आहे, असं मन धरून बसतं.

आणि बाहेरूनही काडी लागते. दूर समुद्रात फिजी नावाची बेटं आहेत. तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, असं मानायचे, जसं आपल्या आज्या मानायच्या. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात पहिल्यांदा टीव्ही आला. अॅन बेकर नावाच्या अभ्यासक बाईंनी शाळेतल्या मुलींना तेव्हा आणि पुन्हा तीन वर्षांनी प्रश्न विचारले. पहिल्या वेळी बारीक होण्यासाठी उलटी करणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. आणि चारातल्या जवळजवळ तिघी म्हणाल्या, कधी ना कधी आम्हाला आपण जाड आहोत असं वाटतं. तेव्हा तिथे नुसता टीव्ही होता. आज आपल्या पोरींच्या हातात मोबाईल आहे आणि त्यात चेहरा गोरा, कंबर बारीक करून दाखवणारे फोटो आहेत.

आमच्या खेड्यात कुठे आलं हे, असं म्हणाल तर एक लक्षात घ्या. आपल्याकडची मुलगी "मी जाड आहे" असं म्हणेलच असं नाही. ती म्हणते, "पोट फुगतं, गच्च होतं, अन्न वर येतं, इच्छाच नाही." हाँगकाँगमध्ये डॉक्टर सिंग ली यांना त्यांच्या रुग्णांत हेच आढळलं. मुली जीव जाईपर्यंत खंगलेल्या, पण जाडीची भीती बोलून दाखवत नाहीत, फक्त पोटाची तक्रार करतात. भारतातल्या डॉक्टरांनीही अशा मुली पाहून लिहून ठेवलं आहे. म्हणून नुसत्या पोटाच्या औषधावर महिनोन्महिने काढू नका.

आणि आपल्या घरातली सगळ्यात मोठी आडोशाची जागा म्हणजे आपली रीत. पुरुष आधी जेवतात, मग मुलं, मग म्हातारी माणसं. बाई शेवटी, चुलीपाशी, उरलंसुरलं. तिने काय खाल्लं, किती खाल्लं, खाल्लं का, हे बघायला कोण बसलेलं असतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ती सगळी काही या आजाराची नाहीत. गरिबी, कष्ट, शेवटी जेवणं यांचीच ती बहुतेक आहेत. पण जिथे सगळ्याच बाया कमी खातात, तिथे आजाराने न खाणारी ओळखू कशी येणार? बाईचं ताट कोणी बघत नाही, म्हणून तिचा आजारही कोणी बघत नाही.

उपासाचं काय, आणि शिर्डीची एक गोष्ट

उपास करणं म्हणजे आजार, असं मी म्हणत नाही. मीही एकादशी करते. पण फरक ओळखा. व्रताला दिवस ठरलेला असतो, सोडायची वेळ ठरलेली असते, उद्यापन असतं. उपास सुटला की माणूस आनंदाने जेवतं. आजारातल्या उपासाला उद्यापन नसतं. एकाचे दोन, दोनाचे चार वार होतात. फराळालाही "नको" असतं. उपास मोडला तर देवाच्या भीतीपेक्षा वजनाची भीती जास्त असते.

आपण शिर्डीच्या शेजारचे. आपल्या तालुक्यात गुरुवार धरणारी घरं किती तरी असतील. म्हणून साईसच्चरितातली, हेमाडपंतांच्या पोथीतल्या बत्तिसाव्या अध्यायातली गोखलेबाईंची गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. या बाई शिर्डीत तीन दिवस उपास करून बाबांच्या पायाशी बसायचं ठरवून आल्या होत्या. दिवस शिमग्याचे होते. बाबांनी त्यांना उपासाला बसू दिलं नाही. दादा केळकरांच्या घरी जा, पुरणपोळ्या कर, त्यांच्या मुलाबाळांना वाढ आणि तूही पोटभर खा, असं सांगून पाठवलं. त्या दिवशी केळकरांच्या घरी स्वयंपाक करायला बाई मोकळी नव्हती, म्हणजे दोन्ही घरची सोय झाली. बाबा स्वतः उपास करत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत, असं पोथीच सांगते.

त्याच पोथीत बायजाबाईंचीही गोष्ट आहे, तात्या कोते पाटलांच्या आईची. सुरुवातीच्या काळात बाबा रानात जाऊन बसायचे. या माउली दुपारी डोक्यावर भाकरी-कोरड्यासची पाटी घेऊन रानात काट्याकुट्यांतून त्यांना शोधायच्या, पान मांडून वाढायच्या, आग्रहाने जेवू घालायच्या. त्यांनी "भूक लागली की येईल" असं म्हटलं नाही. या आजारात घरच्यांना नेमकं हेच करायचं असतं.

तेव्हा घरातली मुलगी देवाचं नाव घेऊन खात नसेल, तर तिच्या श्रद्धेवर बोट ठेवू नका. म्हणा, "बाई, बाबांनी गोखलेबाईंना काय सांगितलं ते वाच, आणि चल जेवायला."

ओळखायचं कसं

एखादं लक्षण कोणातही असतं. तीन-चार एकत्र दिसली आणि दोन-तीन महिने टिकली की सावध व्हा.

वागण्यात असं दिसतं. सगळ्यांसोबत जेवायचं टाळणं. "खाऊन आले" हे रोजचं उत्तर. जेवल्या-जेवल्या मोरीत किंवा संडासात जाणं आणि पाणी सोडून ठेवणं. डब्यातलं, ताटातलं अन्न लपवणं. घरातलं अन्न रात्रीतून कमी होणं. सारखं आरशात बघणं, सारखं वजन करणं. उन्हाळ्यातही ढगळ, अंगभर कपडे. अंगात त्राण नसताना पळत राहणं, व्यायाम करत राहणं.

अंगावर असं दिसतं. वजन झपाट्याने उतरणं. पाळी लांबणं किंवा थांबणं. सारखी थंडी वाजणं. केस गळणं, पण हातावर-गालावर बारीक लव येणं. बद्धकोष्ठ. वारंवार उलटी करणारीचे दात झिजतात, किडतात, गाल कानाखाली सुजल्यासारखे दिसतात, बोटांच्या पेरांवर घट्टे पडतात.

पाळी थांबल्याबद्दल मुद्दाम सांगते. लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली की आपलं डोकं एकाच दिशेला धावतं. पण अंगात अन्न नसलं की शरीर सगळ्यात आधी पाळी बंद करतं, जसं पाणी कमी पडलं की आपण आधी फुलझाडांचं पाणी तोडतो. तिच्यावर आळ घेण्याआधी तिचं ताट बघा.

आता धोक्याची लक्षणं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायात वांब येणं, उलटीतून रक्त, उठून उभं राहता न येणं, काही दिवस अन्न-पाणी पूर्ण बंद, किंवा "जगायचं नाही" असं बोलणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. मनाच्या सगळ्या आजारांत ज्यात जीव जाण्याचा धोका फार मोठा आहे, त्यात अॅनोरेक्झिया वरच्या रांगेत आहे. म्हणून "वय आहे, जाईल निघून" असं म्हणून थांबायचं नाही.

आणि एक इशारा. कित्येक दिवस जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला एकदम तूप-शिरा भरवू नका. उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार घसरतात आणि जीवावर बेतू शकतं. अशा वेळी खाणं हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली वाढवायचं.

बोलायचं कसं

बोलायला जेवणाची वेळ निवडू नका. ताट समोर असताना तिच्या जिवाची आधीच घालमेल चाललेली असते. शेतातून येताना, निवडायला बसल्यावर, दोघीच असताना बोला.

"किती वाळलीस, भूत दिसतेस" असं म्हणू नका. आजारातल्या कानाला "वाळलीस" ही शाबासकी वाटते. "आता जरा भरलीस, छान दिसतेस" हेही नको. तिला त्यात फक्त "जाड झालीस" एवढंच ऐकू येतं. "अन्नाचा अपमान करतेस, लोकांना मिळत नाही" असंही नको. तिला आधीच अपराधी वाटत असतं, त्यात भर पडते.

मग काय म्हणायचं? शरीराबद्दल न बोलता जे दिसलं ते बोला. "तू हल्ली आमच्याबरोबर जेवत नाहीस. परवा चक्कर आली. मला तुझी काळजी वाटते. मी रागावलेली नाही. आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ." ती म्हणेल, मला काही झालं नाही. चिडेल, उठून जाईल. जाऊ द्या. दोन दिवसांनी पुन्हा तेवढ्याच शांतपणे बोला. या आजाराचा स्वभावच नाकारण्याचा आहे.

आणि स्वतःला दोष देत बसू नका. पूर्वी डॉक्टरही आईलाच बोल लावायचे. आता उपचाराची दिशा उलटी आहे. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८० च्या सुमारास आकाराला आलेली पद्धत आज किशोरवयीन मुलींसाठी जगभर वापरतात. त्यात आईवडिलांना बाजूला न काढता त्यांनाच कामाला लावतात. काही काळ मुलीचं जेवण आईवडील ठरवतात, वाढतात, ती जेवेपर्यंत शेजारी बसतात. आजार बरा होत जाईल तशी खाण्याची जबाबदारी हळूहळू तिच्याकडे परत देतात.

जेवणाच्या वेळी

दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोन-तीनदा थोडं खाणं, वेळेवर. घरात जे शिजतं तेच. बाजरीची भाकरी, पिठलं, डाळ-भात, शेंगदाण्याची चटणी, दूध, दही, आणि आपल्या राहात्याचा पेरू. महागडी पावडर लागत नाही. सोबत कोणीतरी बसून जेवावं. गप्पा गाईच्या, शाळेच्या, मालिकेच्या माराव्यात, घास मोजू नयेत. जेवण झाल्यावर तासभर तिला एकटी सोडू नये, काहीतरी हातकाम घेऊन बरोबर बसावं. ताट पूर्ण संपलं नाही तर आरडाओरडा नको, पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच वाढावं. मारून, कोंडून, तोंडात कोंबून हा आजार बरा होत नाही. अंगारा-धुपारा करायचा असेल तर करा, पण दवाखाना त्यासाठी थांबवू नका.

कुठे जायचं

आधी आशाताईला सांगा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. तिथे वजन, रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन तपासून घ्या. वजन उतरण्याची कारणं दुसरीही असतात. क्षयरोग, थायरॉईड, साखर, जंत, पोटाचे विकार ही आधी तपासलीच पाहिजेत. ती नाहीत असं दिसलं की मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची क्लिनिक चालवली जातात, तिथे मुलीशी एकटीने बोलतात. आपल्याच तालुक्यात लोणीला प्रवरेचं मेडिकल कॉलेज आणि त्याचं रुग्णालय आहे. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो.

डॉक्टरांना सगळं सांगा. उपास, उलट्या, गोळ्या, पाळी. नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणालात तर पुन्हा टॉनिकच मिळेल.

जायला जमत नसेल तर फोन आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. मुलीनेच फोन करायला पाहिजे असं नाही, आईनेही करावा. घरातलं माणूस जेवत नाही, मी काय करू, एवढं म्हटलं तरी पुरे.

"वेडाच्या डॉक्टरकडे नेलं तर लग्न कसं होईल?" हा प्रश्न मनात येणार, मला ठाऊक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे असे उपचार मिळणं हा तिचा हक्क आहे आणि तिची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि खरं सांगायचं तर, जीव राहिला तर लग्न. हा आजार बरा होतो. वेळ लागतो, महिने लागतात, कधी वर्षं, मधेच पुन्हा डोकं वर काढतो. पण जितक्या लवकर धराल तितकी बरं होण्याची शक्यता जास्त.

गटाने करायच्या गोष्टी

आपली बैठक हिशेबाने सुरू होते, हप्ते-व्याजाने संपते. त्यात पाच मिनिटं यासाठी काढा.

एक, कोणाच्याही अंगावरून बोलणं बंद. "जाडी", "काडी", "सुकटी" ही नावं आजपासून नाहीत. पाहुणे बघायला आले आणि मुलीच्या अंगावरून बोलले, तर गटातली एखादी तरी बाई तिथल्या तिथे बोलली पाहिजे.

दोन, महिन्यातून एकदा बैठकीला सगळ्यांनी डबा आणून एकत्र जेवावं. सुना, मुली सगळ्यांनी. कोण जेवत नाही ते भाषणाशिवाय कळतं.

तीन, घरात निदान रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका वेळी घ्यावं, बायांसकट. भाकरी आधी करून ठेवा, गार खाल्ली तर काही बिघडत नाही.

चार, झटपट बारीक करणाऱ्या पावडरी, चहा, गोळ्या विकायला कोणी गटात आलं तर नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा.

शेवटी आपल्या त्या मुलीकडे येऊ. गोठ्यामागचं कुत्रं बघितलेली आई आता घरात आली आहे. ती दोन गोष्टी करू शकते. डबा पोरीच्या पुढ्यात आपटून "हेच का तुझं शिक्षण?" असं विचारू शकते. किंवा रात्री दोन ताटं वाढून, तिच्या खोलीत जाऊन, तिच्याशेजारी मांडी घालून म्हणू शकते, "मलाही भूक लागली आहे, चल, दोघी जेवू. आणि सोमवारी आपण दवाखान्यात जाऊन येऊ, मी येते बरोबर." पहिल्या दिवशी पोरगी दोन घास खाईल, तेही रडत. पण त्या रात्री तिचं ताट कोणीतरी बघितलेलं असेल. उपचाराची सुरुवात तिथून होते.

उद्या तुमच्या घरी सगळ्यांचं जेवण झाल्यावर एकदा विचारा, कोण राहिलं? आणि ती राहिलेली तुम्हीच असाल, तर आधी स्वतःचं ताट वाढून घ्या.

नमस्कार.

_बैठकीत बोलण्यासाठी प्रश्न_

१. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं? त्या व्यक्तीने काल रात्री काय खाल्लं, हे घरातल्या किती जणांना सांगता येईल?

२. लहानपणी तुमच्या अंगावरून कोणी काय बोललं होतं? ते अजून आठवतं का?

३. गटातल्या एखादीच्या घरी असा त्रास असेल, तर गाजावाजा न करता तिला दवाखान्यात सोबत कोण जाईल? आज दोघींची नावं ठरवून ठेवा.